अर्धलीची कबरी

गावात मानमोडी आली की ती आधी नाकाला कळायची. एरवी आमच्या आळीत कोंबडी कापायची तर घरात पाहुणा तरी यावा लागे, नाहीतर कोंबडीनं अंडी देणं तरी सोडलेलं असे. पण कोंबड्या पंख पाडून बसायला लागल्या, एखादीची मान पिळल्यासारखी उलटी वळली, की घरोघरी पाट्यावर वाटण वाटल्याचा आवाज एकदम सुरू व्हायचा. मरायच्या आत कापा आणि खा, हा त्या रोगावरचा गावाला माहीत असलेला एकमेव उपाय होता. आम्हा पोरांना त्यामुळे मानमोडी हा रोग आहे हे कळायलाच बरीच वर्षं लागली. आम्ही तिला सण समजत होतो. हल्ली टीव्हीवर बर्ड फ्लूची बातमी लागते, पांढरे झगे घातलेली, तोंडं बांधलेली माणसं शेडमध्ये शिरतात, आणि माझा नातू मला अंडं खाऊ नकोस म्हणून बजावतो. मी बरं म्हणते. माझ्या नाकात मात्र भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचा वास येत असतो, आणि हे सुनेला सांगितलं की ती जेवता जेवता उठून जाते.

बाबा तेव्हा देवळाली प्रवरापासून कोसभरावरच्या एका गावात शाळामास्तर होते. शमुवेल मास्तर म्हणत त्यांना. आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच, दोन खोल्यांचं, पुढं सारवलेली ओसरी आणि ओसरीला लागून कोंबड्यांचं खुराडं. पहाटे बाबा मोठ्यानं प्रार्थना करायचे आणि बरोबर त्याच वेळी आमच्या कोंबड्याला कंठ फुटायचा. बाबांचं 'आमेन' होईपर्यंत तो तीनदा तरी आरवायचा, आणि आई डोळे मिटलेले ठेवूनच म्हणायची, "पेत्राला आठवण करून देतोय." कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं होतं, ती बायबलातली गोष्ट. बाबांना हे आवडत नसे. ते दुष्काळाचं साल होतं. पाटाला पाणी येई न येई, आणि रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा टाकला तर कोंबड्यासुद्धा मान तिरकी करून बघायच्या आणि निघून जायच्या. अंडं ही घरातली एकच वस्तू अशी होती की जिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. माझी स्वतःची एक कोंबडी होती. काळी, कपाळावर एक पांढरं पीस, म्हणून टिकली. मी तेरा वर्षांची होते आणि टिकलीवर माझा जेवढा जीव होता तेवढा सख्ख्या भावावर नव्हता. भावाला हे आजही ठाऊक आहे.

आता अर्धली सांगायला हवी, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळं झाली. आमच्या गावात बायका एकमेकींना कोंबडी विकत नसत, अर्धलीनं देत. म्हणजे कोंबडी माझी, दाणापाणी तुझं, आणि पिल्लं निघाली की निम्मी निम्मी. त्या पिल्लांतली एखादी मोठी झाली की ती पुन्हा तिसऱ्या घरी अर्धलीनं जायची. भांडण झालं की अर्धली मोडायची, दिलजमाई झाली की नवी सुरू व्हायची. कुणाचं कुणाशी पटतं हे बघायला तोंडं बघायची गरज नव्हती, कुणाच्या अंगणात कुणाची कोंबडी चरते ते बघितलं की पुरे. पुरुषांना यातलं ओ की ठो कळत नसे. त्यांना वाटे, कोंबड्या आपल्याच.

त्या वर्षी मानमोडीनं नेमका श्रावण गाठला. रोग आधी मळ्यावरच्या वस्तीत शिरला. पण श्रावणात खायचं कसं? मग एकेक बाई पदराखाली कोंबडी घेऊन गुपचूप आमच्या ओसरीवर यायला लागली. "मास्तरीनबाई, तुमाला चालतंय न्हवं?" एवढंच म्हणायची आणि कोंबडी टेकवून जायची. आम्हाला चालत होतं. इतकं चालत होतं की आठ दिवसांत बाबा दुसऱ्यांदा वाढून घेताना संकोचायला लागले. आई खिडकी लावून रस्सा करायची, उगाच कुणाचा उपवास बाटायला नको म्हणून. पण शेजारच्या सोनामावशीचं घर दहा पावलांवर. ती कट्टर श्रावण पाळायची आणि कुंपणापलीकडून नाक वर करून सांगायची, "बाई, मीठ कमी पडलंय. आन् खोबरं जरा करपलंय." खाऊन बघितल्यासारखं सांगायची, आणि दर वेळी बरोबर असायचं.

अशातच वस्तीवरच्या भागूबाईनं एक कबरी कोंबडी आणून दिली. धडधाकट, डोळे लखलखीत. आईनं विळी घेतली आणि वळून बघते तो कबरीनं ओसरीवरच्या पोत्यावर बसून शांतपणे अंडं घातलं. आई विळी हातात घेऊन उभीच राहिली. "अंडं देणारीवर हात टाकू? मी नाही बाई," असं म्हणून तिनं विळी आत नेऊन ठेवली. आता अडचण अशी, की त्याच आठवड्यात बाबांच्या शाळेत सरकारी परिपत्रक आलं होतं. परगावची, परवस्तीची कोंबडी घरात घेऊ नये, मेलेली चुना टाकून पुरावी, बाजारात नेऊ नये. बाबांनी ते आख्ख्या शाळेकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं होतं. तेव्हा मास्तरांच्याच खुराड्यात वस्तीवरची कोंबडी कशी ठेवायची? आईनं त्यावर उपाय काढला. ती दिवे लागायच्या आत कबरीला सोनामावशीकडं अर्धलीनं देऊन आली. मला म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सोनामावशीच्या तांबड्या कोंबड्याची मान वळली. त्यानंतर तिच्या दोन कोंबड्या, मग पलीकडच्या घरातली एक, मग आमच्या दोन. कबरीला काही म्हणता काही झालं नाही. ती अंडी देत होती, आणि पुढं खुडूक होऊन त्याच अंड्यांवर बसली. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, तिला रोग आधीच होऊन गेला असणार, ती वाचली आणि वाटत फिरली.

हे डॉक्टर म्हणजे सरकार. बाबांनी तालुक्याला तीन अर्ज पाठवले होते, त्याचं उत्तर म्हणून एका दुपारी सायकलवरून सावंत नावाचा एक काडीसारखा तरुण आला. मूळचा कोकणातला, नोकरीत नवा. कॅरिअरला पेटी आणि गळ्यात थर्मास. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लशीची एक बाटली. तो थर्मास त्यानं जेवतानासुद्धा मांडीवरून खाली ठेवला नाही. आईला वाटलं, चहा आहे, आणि आपला चहा याला चालत नाही. आल्याबरोबर तो खुराड्यापाशी वाकला आणि जो शिंकायला लागला तो थांबेचना. त्याला पिसांचं वावडं होतं. कोंबड्यांचा डॉक्टर, आणि पिसं नाकात गेली की डोळ्यांतून पाणी. त्या वेळी आळीतल्या आजारी कोंबड्याही शिंकतच होत्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की डॉक्टरलाच मानमोडी झालीय, आता मान कधी वळते तेवढं बघायचं. पोरं त्याच्या मागून मान तिरकी करून चालायला लागली.

बाबांनी मला त्याच्याबरोबर यादी करायला दिलं. घर, मालकीण, कोंबड्या किती, आजारी किती. सोपं काम. पहिल्याच घरी पाच कोंबड्या समोर चरत होत्या आणि बाई म्हणाली, "ह्या माज्या न्हाईत. अर्धलीच्या हायेत. पाटलीनबाईस्नी इचारा." त्या काळात सुई म्हटलं की लोकांना कुटुंबनियोजन आठवायचं, सुई टोचली की कोंबडी अंडी द्यायची बंद होते, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. तेव्हा हो म्हणून दोष कोण घेणार? आम्ही वरच्या आळीत पाटलीणबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "त्या माज्या कशा? मूळ कोंबडी साळूबाईची." साळूबाईनं बोट दाखवलं सोनामावशीकडं. सोनामावशी म्हणाली, "माजं काय बी न्हाई, समदं मास्तरीनबाईचं." असं करत करत, शिंकत शिंकत, डॉक्टर तिन्हीसांजेला आमच्याच ओसरीवर येऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, "बाई, गावात दीडशे कोंबड्या आहेत आणि एकही कुणाची नाही." आई म्हणाली, "माझ्याही नाहीत हो. सोनाबाईंच्या आहेत."

डॉक्टर मटकन खाली बसले. पण माणूस हुशार होता. त्यांनी बाबांकडं मोठा कागद मागितला. तेवढा मोठा कागद गावात एकच होता, शाळेतला भारताचा नकाशा. तो उलटा अंथरून त्याच्या पाठीवर त्यांनी निळ्या पेन्सिलीनं दोन आळ्या काढल्या आणि मला विचारलं, "प्रेमा, कुणाची कोंबडी कुणाकडं जाते, तुला माहीत आहे?" मला न माहीत असायला काय झालं? मी सांगत गेले, ते बाण काढत गेले. थोड्या वेळानं ते बाण बघून ते हसायला लागले. जिथं जिथं कोंबड्या मेल्या होत्या, तिथं तिथं बाण पोचत होते. "गुरुजी, रोग वाऱ्यानं जात नाही तुमच्या गावात. मैत्रिणींच्या घरून जातो." मग त्यांनी बेत सांगितला. बाटली एकच, शंभर पाखरांची. बर्फ उद्या दुपारपर्यंत टिकेल. ज्या आळीत रोग आधी शिरला तिथं तो आतून मुरलेला असणार, सुई टोचून उपयोग नाही. जिथं तो नुकताच पोचलाय, ती आळी पहाटे कोंबड्या खुराड्यात असतानाच टोचून काढायची. "फक्त पहिला बाण सापडला पाहिजे. वरच्या आळीतही दोन मेल्यात. रोग आधी तिकडं शिरला, की इकडं? सोनाबाईंकडं नवी कोंबडी आली होती का? कुठून?"

ओसरीवर आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला, एवढं मला दिसलं. खरं सांगितलं तर परिपत्रक म्हणवून घेणाऱ्या मास्तरांच्या घरातून रोग गेला, हे गावभर होणार. आणि आमची आळी आजारी ठरणार, म्हणजे टिकलीला सुई नाही. मी म्हणाले, "वरच्या आळीतून. पाटलीणबाईंकडून." डॉक्टरांनी बाण काढला. म्हणजे सकाळी आमच्या आळीला सुया, आणि वरच्या आळीतल्या शंभर धडधाकट कोंबड्या देवाच्या भरवशावर. मला हे त्या क्षणी पुरतं कळत होतं. लहान होते, न कळत बोलले, असं आता म्हणायची सोय आहे. पण ते खरं नाही.

पहाटे बाबांची प्रार्थना सुरू झाली. कोंबडा आरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि आई काही बोलली नाही. मी डोळे उघडले तर ती प्रार्थनेतून उठून कंदील घेऊन नकाशापाशी वाकलेली. आई मिशनच्या शाळेत सातवी शिकलेली होती, नकाशा तिला वाचता येत होता. तिनं मला बोलावलं. "यात आपलं घर दिसत नाही ते," ती म्हणाली. "मी बाबांना सांगू नको म्हटलं होतं, पोरी. सरकारला खोटं सांग म्हटलं नव्हतं." मग तिनं डॉक्टरांची निळी पेन्सिल उचलली, पाटलीणबाईंचा बाण खोडला, आणि मळ्याच्या वस्तीपासून आमच्या घरापर्यंत एक आणि आमच्या घरापासून सोनामावशीच्या घरापर्यंत एक, असे दोन जाडजूड बाण काढले. बाबा 'आमेन' म्हणायचं विसरले. डॉक्टर थर्मास घेऊन जोत्यावर तयारच बसले होते, त्यांच्यापुढं नकाशा धरून ती म्हणाली, "इथून गेला रोग. माझ्या हातानं."

डॉक्टर उठले आणि वरच्या आळीकडं जवळजवळ पळतच निघाले. पण तिथं पुन्हा तेच, की ही माझी नाही आणि ती तिची. तेव्हा आईनं पदर खोचला आणि ती त्यांच्यापुढं चालायला लागली. प्रत्येक दारात उभी राहून सांगायची, "मानमोडी माझ्या घरून आली. वस्तीवरची कोंबडी मी ठेवून घेतली. तुमच्याकडं पसरू नये म्हणून सांगायला आले, सुई टोचून घ्या." ज्या गावात कुणी कोंबडी कबूल करत नव्हतं तिथं माझी आई रोग कबूल करत फिरत होती. आणि गंमत अशी, की दोष घ्यायला मालकीण मिळाल्याबरोबर कोंबड्यांनाही मालकिणी फुटल्या. "ही माजी हाय, हिला आधी टोचा," "आवो माजी खुराड्यात हाय, मी धरते." पाटलीणबाईंच्या कोंबड्यांनी तर डॉक्टरांच्या तोंडावर अशी पिसं उडवली की शेवटच्या वीसेक सुया त्यांनी डोळे मिटून दिल्या. बर्फ वितळायच्या आत बाटली संपली. वरच्या आळीत त्यानंतर फारशी कोंबडी गेली नाही.

आमच्या आळीत गेल्या. टिकली चौथ्या दिवशी गेली, तिची मान माझ्या मांडीवर वळली. मी तिला खाऊ दिली नाही. बाबांनी परिपत्रकाप्रमाणे चुना टाकून पुरली, आणि मी त्यांच्याशी आणि आईशी दोघांशीही अबोला धरला. मला आईचा राग आला होता. खरेपणाचा पुळका हिला, आणि कोंबडी गेली माझी, असं मला वाटत होतं. गावाला तिचा राग आला होता तो वेगळाच. सुया टोचून झाल्यावर वरच्या आळीला आठवलं, की मुळात हे आलं कुणामुळं. आई आडावर गेली की बोलणं थांबायचं. पत्र वाचून घ्यायला कुणी येईना. आमच्या घराशी असलेल्या अर्धल्या एकेक करून मोडल्या. उरल्यासुरल्या दोन कोंबड्या कुणीतरी न बोलता अंगणात सोडून गेलं. सोनामावशीचा तांबडा कोंबडा गेला होता, चार कोंबड्या गेल्या होत्या. कुंपणापलीकडून मीठ कमी-जास्त सांगणारा तिचा आवाज बंद झाला, आणि आईचा स्वयंपाक खरोखरच बिघडला. टीव्हीवर अधिकारी सांगतात, उगम सापडला, आता काळजीचं कारण नाही. मला त्या उगमाच्या घरातल्या बाईची काळजी वाटते.

नकाशा शाळेत परत भिंतीवर गेला. निळी पेन्सिल जोरात ओढलेली होती, त्यामुळं उन्हं खिडकीतून आली की भारताच्या अंगावर आमचं गाव उमटायचं. चौथीच्या वर्गाला गंगेच्या काठी सोनामावशीचं घर दिसत असे.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनामावशी कुंपणाच्या फटीतून न येता रीतसर पुढच्या दारानं आली. हातात टोपली, टोपलीवर फडकं. ओसरीवर टोपली ठेवून तिनं फडकं काढलं तर आत पिल्लं. कबरीची. तिनं एकेक उचलून सारवणावर ठेवलं. "ह्यी तुमची तीन. ह्यी माजी तीन."

आई म्हणाली, "सोनाबाई, कशाला? तुमचं एवढं नुकसान केलं मी. सगळी ठेवा."

"म्हैनाभर लई राग हुता," सोनामावशी म्हणाली. "कोंबडा लई गुनाचा हुता माजा. पन काल आडावर ह्या बाया तुमचं नाव घ्याया लागल्या आन् मला इचार पडला. कोंबडी तुमची, दानापानी माजं. पिल्लं निम्मी घ्यायची आन् ठपका तेवढा तुमच्या एकलीच्या पदरात टाकायचा, ह्यो कुटला न्याय? अर्धली म्हंजी अर्धली. म्या सांगून आले समद्यांस्नी, निम्मा ठपका माजा हाय. कुनाला बोलायचंच आसंल तर निम्मं मला बोला."

आई रडली. दारोदार फिरताना रडली नव्हती, टिकली गेली तेव्हाही नाही. पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडली, आणि सोनामावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत चुलीकडं बघत म्हणाली, "डाळीला फोडनी द्यायची राहिलीया."

पिल्लं सात होती. सातव्यावरून दोघी बाबा शाळेतून येईपर्यंत भांडत होत्या, तुम्ही घ्या, न्हाई तुमी घ्या. बाबांनी न्याय करायचा प्रयत्न केला, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पिल्लू ओसरीवर मोकळंच राहिलं. मोठेपणी ती कोंबडी निघाली. दाणे आमच्याकडं खायची, रात्री सोनामावशीच्या खुराड्यात बसायची, आणि अंडं मनाला येईल तिथं घालायची. आम्ही तिला ठपकी म्हणायचो. तिच्यासाठी म्हणून मी आईशी पुन्हा बोलायला लागले.

पुढच्या वर्षी बाबांची बदली पुणतांब्याकडं झाली. बैलगाडीत सामान चढलं, डालग्यात कोंबड्या चढल्या. सोनामावशीनं डालग्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "ठपकी कुटं हाय?"

"कुंपणाजवळ आहे," आई म्हणाली. "माझा निम्मा वाटा तुमच्याकडंच राहू द्या. अर्धलीनं."